खार गडी की खारगडी?

घाट चढून सांगवीच्या शिवेत पाऊल टाकलं की डाव्या हाताला एक काळा, बसका खडक लागतो. त्याला शेंदूर नाही, पुढ्यात नारळ नाही. माथ्यावर परातीएवढा खळगा आहे आणि त्याच्या कडा तुळतुळीत झिजलेल्या. नवा माणूस विचारतो, हा कुठला देव? जुनी माणसं सांगतात, देव नव्हे, खारतोड्यांचं आडनाव आहे हे.

खारतोडे या खोऱ्याचे देशमुख. सुलतानांच्या अमदानीपासूनचं घराणं, असं सांगतात. पण नाव कशावरून पडलं, यावरून घराण्याच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती, चार पिढ्या एका पंगतीला बसल्या नव्हत्या. मूळपुरुषाबद्दल जुन्या कागदात मोडीतला एकच बोल होता: खारगडीतोडे. मोडीत शब्दाशब्दांत फट सोडत नाहीत, तिथंच घोटाळा. थोरली पाती वाचायची 'खारगडी तोडे', म्हणजे खारगडावर शत्रू कापून काढणारा राजवंशी वीर. धाकटी वाचायची 'खार गडी तोडे', म्हणजे मीठ फोडणारा साधा गडीमाणूस. व्यापाऱ्याला यात नवल नाही. माल तोच असतो, पुडी बदलली की गिऱ्हाईक बदलतं.

थोरल्या पातीच्या हैबतरावांनी तर उत्तरेकडून भाट आणवून खारगडापासूनची वंशावळ लिहवून घेतली, आणि तिच्याच जोरावर धाकट्या पातीच्या सटवाजीची लेक, राही, घाटाखालच्या तुळाजीराव सरदारांच्या घरी ठरवली. धाकटी पाती ती मानत नाही हे ऐकून सरदारांनी एकच अट घातली. वऱ्हाड शिवेवर आलं की सटवाजीनं गोतासमोर बेल-भंडार उचलून शपथेवर म्हणायचं, वंशावळ खरी. नाही उचलला, तर वऱ्हाड तिथूनच माघारी.

त्या दिवशी सटवाजीला सकाळपासून चैन नव्हतं. पागोटं तीनदा बांधलं, तीनदा सोडलं. बायको पुतळाई म्हणाली, "पागोटं बांधताय की मोटेचा दोर वळताय?"

शिवेवर हैबतरावांनी त्याला बाजूला घेतलं. "सटवा, चार शब्दांत पोरगी सुखात पडते."

"आणि दादा, ते चार शब्द खोटे निघाले तर?"

"खारगड तू पाहिलायस का? नाही ना? मग तो खोटा, हे तरी कशावरून म्हणतोस?"

बेल-भंडाराचं तबक खडकावर ठेवलं होतं. सटवाजीनं हात पुढं नेला. बोटं बेलाला लागली, आणि त्यानं ती मागं घेतली.

"मला उचलवत नाही," तो म्हणाला. "खारगड कुठल्या दिशेला आहे तेही मला ठाऊक नाही. आज्यानं मला हा खडक तेवढा दाखवला. आमचा मूळपुरुष कोकणातनं बैलांवर मीठ आणायचा. एका साली वर्षभर घाट बंद. माणसं अळणी खाऊन खंगली, गुरं बसली. हा एकटा आडवाटेनं वर आला. गोण्या भिजून मिठाची शिळा झालेली. ती त्यानं इथं फोडली आणि दारोदार मूठमूठ वाटली. पुढं गावानंच त्याला पुढारी केलं. याहून मोठं कुळ माझ्याकडं नाही."

हैबतरावांनी डोळे मिटून घेतले. तुळाजीरावांनी गाडीवानाला खूण केली, बैल जुंपा.

बैल येईनात. घाट चढून घामेजलेली ती जनावरं खडकाभोवती दाटली होती आणि खळग्यात जिभा घालून दगड चाटत होती. कासरे ओढले, चाबूक वाजला, एकही मान वर झाली नाही. सात पिढ्यांच्या पावसांनीही ते मीठ धुतलं नव्हतं म्हणे. तुळाजीराव उतरले. बैलाची मान सारून त्यांनी खळग्यात बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मग ते सटवाजीकडं वळले.

"किल्ले आमच्याकडंही आहेत, सटवाजीराव," ते म्हणाले. "त्यांच्या दगडांना चव नाही. चला, मुहूर्त टळतोय."

राही त्याच दिवशी सासरी गेली.

आजही सांगवीत वऱ्हाड आलं की शिवेवर कुळ विचारत नाहीत. मुलीचा बाप खळग्यात मूठभर मीठ ठेवतो, व्याही ते चाखतो, मग वाजंत्री सुरू होते. थोरली पाती पत्रिकेवर अजून 'खारगडीकर' छापते. पण खडकावर मीठ ठेवायचा पहिला मान आपला, असं तिचं म्हणणं आहे, आणि यंदाही त्यावरून वऱ्हाड तासभर उन्हात उभं होतं.