उमेदवाराचा गुडघा

'उमेदवार' हा शब्द निवडणुकांनी पुरता बळकावला आहे. पुढे जागा मिळेल या आशेवर आज बिनपगारी राबणारा, हा त्याचा जुना अर्थ. कृष्णातीर बास्केटबॉल संघात तो अजून जिवंत होता. एकोणीस वर्षे पूर्ण झाल्याविना करार नाही, असा व्यावसायिक स्पर्धेचा नियम. म्हणून त्याहून लहान मुले 'उमेदवार' म्हणून रोज सकाळी करारबद्ध खेळाडूंना सराव देत.

अशाच एका सरावात सतरा वर्षांच्या रणधीरचा गुडघा मोडला. शस्त्रक्रियेचा खर्च मागायला त्याची आई हौसाबाई संघाच्या सभेत आली.

अध्यक्ष अण्णासाहेब ढमढेरे मोठ्या मायेने म्हणाले, "बाई, तो आमचा खेळाडू नव्हेच. इतक्या कोवळ्या हाडांना आमचा खेळ सोसत नाही, म्हणून तर वयाचा नियम केलाय."

"अण्णासाहेब, तुमचे धिप्पाड गडी रोज सकाळी त्याच्यावर आदळत होते, तवा हीच हाडं पिकलेली होती. आता खर्चाच्या वेळेला कोवळी झाली व्हय?"

सभेत हशा उसळला. अण्णासाहेबांनी मान खाली घालून खर्च मंजूर केला.

रणधीर पुढे नामांकित खेळाडू झाला, असे सांगणारे सांगतात. ते खरे नाही. एकोणिसावे वर्ष उलटले तेव्हा तो काठीवाचून चालू लागला होता, एवढेच. त्या हशात हौसाबाईही सामील झाली, असेही सांगतात. तिने पदर तोंडाशी घट्ट धरला होता. लोकांना ते हसू वाटले.