तंतूने तपासलेलं पाणी

काचेचे तंतू बोलत होते, त्या काळातली गोष्ट. साबणाच्या कारखान्यात केसाएवढा एक तंतू होता. पाण्यात बुडवला की आपल्यातून जाणारा उजेड किती घटला ते पाहून तो पाण्यात साबण किती ते सांगायचा. त्याचा शब्द शेवटचा.

एकदा साबणाच्या पाण्यातून निघून तो थेट विहिरीच्या पाण्याच्या पेल्यात उतरला. "यात साबण आहे," तो म्हणाला.

"मग ती विहीर बंदच करावी लागेल," तपासनीस हेमांगीताई म्हणाल्या.

"आधी याला माझ्यात खळबळून घ्या," पेल्यातलं पाणी म्हणालं, "आणि मग त्याच विहिरीचं दुसरं पाणी दाखवा."

ताईंनी तसं केलं.

"हे स्वच्छ आहे," तंतू पुटपुटला.

"आणि मी?" पहिल्या पाण्यानं विचारलं.

तंतू पुन्हा त्याच्यात उतरला. "तुझ्यात साबण आहे," तो म्हणाला. "माझ्या अंगावरचा."