कोरडा वाफा

कडक उन्हाच्या एका गावात एकदा एक कापडाचा व्यापारी एकटा पडला. बायको गेली, मूलबाळ कधी झालंच नव्हतं, दुकान त्याने पुतण्याला देऊन टाकलं. उरलं घर, घरामागचं अंगण, आणि अंगणात बायकोने लावलेला पावसाळी लिलीचा वाफा. बायकोचं नाव द्वारका. ती होती तोवर हा वाफा दरवर्षी गुलाबी फुलांनी नुसता भरून जायचा. ती गेली आणि फुलं बंद झाली. दोन पावसाळे आले नि गेले, एक कळी नाही. नुसती पात, लसणीसारखी, हिरवीगार.

व्यापाऱ्याने काही कमी केलं नव्हतं. सकाळी उठला की झारी, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पुन्हा झारी. पाणी घालताना तो वाफ्याशी बोलायचा. घरात बोलायला दुसरं होतं तरी कोण? शेजारणी म्हणायच्या, काय माया आहे हो! माया होतीच. पण माया असली म्हणजे अक्कल असतेच असं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

शेवटी तो गावाबाहेर रोपं विकणाऱ्या चिमामावशीकडे गेला. चिमामावशी ऐंशीची, लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करणारी.

"मावशी, मला शिकवा," तो म्हणाला. "लिली फुलत नाही. द्वारकेची तेवढीच जिवंत वस्तू राहिलीय माझ्याकडे. ती मेली तर मी काय करू, मला कळत नाही."

"सांगेन ते करशील?"

"करीन."

"मग तुझी झारी मला दे."

ती त्याच्याबरोबर आली. बोटाने माती उकरून पाहिली. मग झारी काखेत मारली आणि अंगणातल्या नळाला चिंधी घट्ट बांधून टाकली. चैत्रातली तृतीया होती, शेजारच्या घरात गौर बसत होती.

"महिनाभर एक थेंब घालायचा नाही," ती म्हणाली.

"या उन्हात? अहो मावशी, मरतील!"

"मेली तर मला शिव्या घाल. पाणी नको घालूस."

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. उजाडलं की त्याचा हात झारी शोधू लागे. उठल्यापासून ऊन चढेपर्यंतचा सगळा वेळ उघडा पडला आणि त्या वेळात घर ऐकू येऊ लागलं. माठ पाझरल्याचा आवाज. वाऱ्याने हलणाऱ्या कडीचा आवाज. आतल्या खोलीत कुणीच नसल्याचाही एक आवाज असतो, तो त्याला पहिल्यांदा कळला.

आठव्या दिवशी त्याला राहवेना. उपरण्याखाली तांब्या लपवून तो स्वतःच्याच अंगणात चोरासारखा निघाला. कुंपणापाशी चिमामावशी उभी.

"तांब्यात काय आहे रे?"

"पाणी. प्यायला घेतलंय."

"मग पी की. माझ्यासमोर. सगळं."

त्याला तांब्याभर पाणी उभ्याउभ्या प्यावं लागलं.

तिसऱ्या आठवड्यात पात पिवळी पडली, मग जमिनीला लागली, मग वाफ्यावर धुळीशिवाय काही उरलं नाही. तेव्हा मात्र तो तिच्या दारात जाऊन ओरडला, "मारलीत तुम्ही! एकदा देवाने नेली, आता तुम्ही नेलीत!"

चिमामावशीने वाद घातला नाही. खुरपं घेऊन ती त्याच्या अंगणात आली. वाफा उकरून लिलीचा एक कांदा काढला, त्याची माती झटकली आणि व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"दाबून बघ."

त्याने दाबला. कांदा भरलेला होता, टणक.

"मेलेला असा असतो?" ती म्हणाली आणि वाफ्याच्या कडेला बसली. "आता मला सांग. चैत्रात द्वारका कुठे असायची?"

"माहेरी. गौर बसायच्या आधी जायची, अक्षय्यतृतीयेला गौर उठली की यायची. दरवर्षी."

"आणि त्या महिन्यात इथे पाणी कोण घालायचं?"

व्यापारी आठवू लागला. त्या महिन्यात तो दुकानात असे, खानावळीत जेवत असे. अंगणाचं दार उघडल्याचंसुद्धा त्याला आठवेना.

"कुणीच नाही," तो हळूच म्हणाला.

"तेच तर," चिमामावशी म्हणाली. "महिनाभर हा कांदा कोरड्यात पडून राहायचा आणि आतल्या आत ताकद धरायचा. मग ती येऊन पोटभर पाणी सोडायची, आणि चार-पाच दिवसांत फूल यायचं. तिचं येणं जेवढं लागायचं, तेवढंच तिचं नसणंही लागायचं. तू दोन वर्षांत एक दिवस माती वाळू दिली नाहीस. कायम ओल्या असलेल्या मातीला पाऊस आल्याचं काय कळणार? आणि राग येऊ देऊ नकोस, पण ते पाणी तू लिलीला घालत नव्हतास. ती नाही, हे तुला बघायचं नव्हतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर झारी ओतत होतास."

व्यापाऱ्याने हातातला कांदा पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग तो म्हणाला, "पण मावशी, तेव्हा ती परत येणार होती."

  चिमामावशीने त्याच्या हातातला कांदा घेतला, पुन्हा मातीत ठेवला, वरून माती सारखी केली.

"हो," ती म्हणाली. "आता नाही येणार. तेव्हा पाणी सोडायचं काम तुझं. पण कोरडं सोसून झाल्यावर. आधी नाही."

अक्षय्यतृतीयेला तिने चिंधी सोडली. व्यापाऱ्याने वाफा काठोकाठ भिजवला आणि मागे सरला. पाचव्या सकाळी त्या उघड्या मातीतून, पात नसतानाच, दांडे वर आलेले होते. ऊन पडता पडता सगळी फुलं उमलली. तो घराकडे वळून द्वारकेला हाक मारायला गेला, आणि हाक तोंडातच राहिली. मग तो एकट्यानेच, उभा राहून, ती फुलं पाहत राहिला.

आठवड्याने तो चिमामावशीकडे गेला. ती ओट्यावर रोपांच्या पिशव्या भरत होती.

"फुलली?"

"फुलली. दोन दिवस राहिली, मग मिटली. आता माती वाळेपर्यंत मी थांबतो."

"मग सकाळी करतोस काय?"

"बसतो."

"नुसता?"

"नुसता. तिची आठवण येते."

"सोसतं?"

"तासभर सोसतं. मग उठावं लागतं."

"तासभर पुरे की," चिमामावशी म्हणाली, आणि सरकून तिने त्याला ओट्यावर जागा करून दिली.