बेहड्याचा आवाज

जंगलात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या बेहड्याच्या झाडाला कीड लागली. ती काढायला त्याने सुतारपक्ष्याला बोलावलं, आणि काम नीट व्हावं म्हणून सल्लागारही आणले. काळेभोर, लांब शेपट्यांचे भृंगराज पक्षी, चांगला थवाच्या थवा.

भृंगराज स्वतः कशाला चोच लावत नसत. सुताराला खेटून बसत आणि गोड बोलत. "सुतारभाऊ, पोकळ जागा कशी ओळखता? जरा ठोकून दाखवा ना." एवढी मोठी मंडळी आपल्याला विचारतात, म्हणून सुतार खुशीत ठोकून दाखवी.

एके सकाळी त्याने चोच मारण्याआधीच 'टक् टक्' ऐकू आलं. भृंगराज नुसती चोच उघडून तो आवाज काढत होते. मग हुबेहूब सुताराच्या आवाजात कोणी म्हणालं, "बेहडेबाबा, कीड गेली."

"बाबा, ते मी नाही बोललो!" सुतार ओरडला. "कीड आतच आहे."

"घटकेत गेली म्हणतोस, घटकेत आहे म्हणतोस," बेहडा वैतागला. "तू जा बघू. काम तर छान ऐकू येतंय."

पावसाळा सरल्यावर सुतार परत आला. बेहड्यावर एक पान नव्हतं, तरी पानांची सळसळ ऐकू येत होती.

"बाबा, कसे आहात?"

"उत्तम!" बेहड्याचाच आवाज आला. "आता काही दुखत नाही."

सुताराने बुंध्याला चोच टेकवली. ती सालीतून आरपार गेली. आत काहीच उरलं नव्हतं.

वर ओळीने बसलेल्या भृंगराजांनी चोची मिटल्या, आणि सळसळ थांबली.