धाकटीचे दात

आर्मेनिया हा डोंगराळ मुलुख. तिथल्या एका गावात एकदा चांदीकाम करणारा एक वृद्ध कारागीर राहत होता. लग्नात नवरीने कमरेला बांधायचे चांदीचे पट्टे तो घडवी. बोलणे कमी, हात सावकाश. त्याच्यापाशी तोरोस नावाचा शिष्य सात वर्षे शिकत होता. तोरोसचा हात चांगला होता, आणि ते तोरोसला पुरते ठाऊक होते.

एके दिवशी आझनिव नावाची म्हातारी दुकानात आली. तिने रुमाल सोडून चांदीचे चार चौकोनी तुकडे पुढे ठेवले. प्रत्येकावर एक डाळिंब आणि एक पक्षी कोरलेला होता.

"हा माझ्या आईचा पट्टा," ती म्हणाली. "बारा तुकड्यांचा होता. गाव सोडून पळायची वेळ आली, तेव्हा आईने तो तोडला आणि आम्हा चौघी बहिणींच्या गळ्यात एकेक तुकडा बांधला. बाकीचे वाटेत भाकरीपायी गेले. साठ वर्षं झाली त्याला. तिघी बहिणी आता नाहीत. त्यांचे तुकडे मी त्यांच्या मुलांकडून मागून आणलेत. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. पट्टा पुरा करून द्या. नक्षी हीच ठेवा."

वृद्धाने ते काम तोरोसला दिले.

तोरोस जिद्दीला पेटला. जुने कोणते आणि नवे कोणते, हे कोणालाही कळता कामा नये, असे त्याने ठरवले. आठ तुकडे कोरले. त्यांच्या कडा चामड्याने घासून बोथट केल्या. गंधकाची धुरी देऊन चांदी काळवंडवली. जुन्यांपैकी एकाच्या कोपऱ्यात बारीक खड्डे होते. तो एकटा उठून दिसू नये म्हणून तोरोसने तसेच खड्डे तीन नव्या तुकड्यांवरही पाडले. ते खड्डे कशाचे, हे विचारावे असे काही त्याला वाटले नाही.

लग्नाला तीन दिवस उरले असताना त्याने जोडलेला पट्टा गुरूपुढे ठेवला. वृद्धाने तो दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला. मग पकड घेतली, एकेक कडी उघडली आणि बाराही तुकडे तांब्याच्या वाडग्यात टाकून हाताने ढवळले.

"उस्ताद! अहो, हे काय केलंत?"

"जुने चार वेगळे काढ."

तोरोस हसला आणि त्याने वाडग्यात हात घातला. एक तुकडा उचलला, परत ठेवला. दुसरा उचलला. पट्ट्यात कोणता तुकडा कितवा, हे त्याला पाठ होते. वाडग्यात त्या पाठांतराचा उपयोग नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात आझनिव दारात उभी राहिली. "झाला का रे पोरा माझा पट्टा?"

तोरोसने वाडग्यातून हात काढला. वृद्धच म्हणाला, "बाई, यात तुमचे चार आहेत. या माझ्या शिष्याला ते ओळखता येत नाहीत."

"एवढंच ना? सरक. धाकटीचा तर मी डोळे मिटून काढीन. आठ महिन्यांची होती ती. सगळ्या वाटेने तो तुकडा चावत होती. तिचे दात उमटलेत त्याच्यावर."

तिने बोटांनी चाचपून एक तुकडा काढला, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवला. मग तिच्या बोटांना तसाच दुसरा लागला. मग तिसरा. मग चौथा. तिने चारही ओळीने मांडले आणि तोरोसकडे पाहिले.

"माझ्या धाकटीला एवढे दात कधी फुटले रे?"

कोणी हसले नाही.

"यातला तिचा कोणता?" आता तिचा आवाज उतरला होता. "नातीला बोट ठेवून दाखवणार होते मी. आता काय दाखवू?"

तोरोसने मान खाली घातली.  वृद्धाने बाराही तुकडे पालथे केले. आठांच्या पाठीवर कानशीच्या ताज्या रेघा होत्या. चार मात्र साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होते. ते त्याने आझनिवकडे सरकवले. तिने मूठ घट्ट मिटली.

"पाठ कोण बघतंय म्हणून तू ती तशीच सोडलीस," वृद्ध तोरोसला म्हणाला. "तुझ्या आळसाने आज वाचवलं. तुझ्या कसबाने यांचं सगळं घालवलं होतं."

"पण त्याच म्हणाल्या होत्या ना, जुन्यासारखं कर?"

"नक्षी हीच ठेवा म्हणाल्या. वय हेच ठेवा, असं नाही म्हणाल्या. नक्षी हाताने येते. झीज हाताने द्यायची नसते, ती ज्याने त्याने मिळवायची. हे चार तुकडे साक्षीदार आहेत; त्या चौघांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि सांगितली. तू त्यांच्या शेजारी आठ जण आणून बसवलेस. ते तिथे नव्हतेच, आणि त्यांनाही तू तेच बोलायला शिकवलंस. मग त्या चौघांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा?"

तोरोसने आपले आठ तुकडे पुढे ओढले.

"तीन दिवस आहेत. खड्डे घासून काढ. कडा पुन्हा रेखीव कर. चांदी उजळ. आज घडवलेत तसे दिसू देत."

"पट्टा ठिगळ लावल्यासारखा दिसेल, उस्ताद."

"दिसू दे बाबा," आझनिव म्हणाली.

लग्नात नवरीच्या कमरेला चार तुकडे काळसर होते आणि आठ लखलखत होते. बायका वाकून वाकून पाहत होत्या. आझनिव एकेका काळ्या तुकड्यावर बोट ठेवून एकेका बहिणीचे नाव सांगत होती. दातांच्या खुणांवर तिचे बोट जरा जास्त थांबले.

"आणि हे आठ कुठले?" कोणीतरी विचारले.

"ते होय? ते नवे आहेत. त्या कोपऱ्यात उभा आहे ना, त्याने केलेत."

'नवे' हा शब्द कोणाच्या तोंडी येऊ नये म्हणून तोरोस महिनाभर राबला होता. त्या दिवशी तो ऐकताना त्याची मान ताठ होती.