उंडग्याचा विस्तव

फार मागची गोष्ट, आगकाडी निघायच्याही आधीची. कुसरवाडीला एक फिरस्ता यायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. जो तो आपल्या मनानं ठेवायचा. कुणी उंडगा म्हणे, कुणी भणंग, कुणी उडाणटप्पू. तो हसून ओ द्यायचा. मनात म्हणायचा, आईबापानं एकच ठेवलं असतं, इथं दारागणिक नवं मिळतंय.

एकदा त्यानं रायाजी पाटलाच्या दारात चिलमीपुरता विस्तव मागितला. पाटील खेकसला, "चूल नाही त्याला विस्तव कशाला? चल नीघ, रिकामटेकड्या!"

ते मात्र त्याला लागलं. विस्तवाला नाही म्हटलेलं त्यानं कुठल्याच गावात ऐकलं नव्हतं.

त्या साली झड लागली ती एकवीस दिवस हटली नाही, असं म्हणतात. भिंती पाझरल्या, चुली विझल्या, चकमकीचा कापूसही ओला झाला. वाडीत ठिणगी उरली नाही. त्यातच पाटलाची सून बाळंत झाली. पोर गारठून निळं पडलं. शेगडी होती, विस्तव नव्हता.

देवळाच्या ओट्यावर त्याच्या कानी हे आलं आणि तो उठला. कुठल्या कपारीत कोण धनगर आग राखतो, हे डोंगर पायाखाली घातलेल्यालाच ठाऊक. मडक्यात निखारे घेऊन तो परत फिरला. निखारे मंदावले तेव्हा त्यानं काठी मोडून घातली. मग झोळी. मग डोईचं पागोटं, अंगावरचं धोतर. पुढं नदी दुथडी भरलेली. मडकं डोक्यावर धरून तो शिरला, तर पाणी त्याच्या छातीवर चढलं नाही, असं म्हणतात.

लंगोटीवर तो पाटलाच्या दारात उभा राहिला. मडक्यात तीन निखारे, लालबुंद.

"मागायला नाही आलो, पाटील. द्यायला आलोय."

शेगडी पेटली. पोर असं रडलं की सगळी वाडी नाचली. घरोघर धूर निघाला. पाटलानं आपलं पागोटं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"बाबा, तुझं खरं नाव काय?"

"तुम्ही दिलीत तेवढी पुरे की! त्यातलंच एक पोराला द्या."

पाटलानं दिलं. त्या घराण्यात थोरल्याचं नाव आजही उंडगोजीच. आणि आखाड सरता वाडी सगळ्या चुली विझवते. नदीपलीकडून एकजण विस्तव आणतो. त्या मानासाठी दरसाल भांडणं होतात. बाया दारातून ओरडतात, "आला गं उंडगा! आला भणंग!" आणि पाटील पागोटं काढून वाकतो.

पहिला निखारा मात्र कुणाच्या चुलीत जात नाही. देवळाच्या ओट्यावर भरलेली चिलीम ठेवलेली असते, तिच्यावर जातो.