जासवंती आणि राजाचं पागोटं

राजाच्या पागोट्यात कोंबडी बसली आणि काही केल्या उठेना!

खडकवणचा राजा रणधवल मोठा हट्टी. कोंबडी त्याची लाडकी. तिचा तुरा लालभडक, म्हणून नाव जासवंती. राजा तिला मांडीवर घेऊन दरबार भरवायचा आणि रोज न्याहारीला तिचंच अंडं खायचा. एका दुपारी फार उकडलं. राजानं मोत्यांचं पागोटं काढून सिंहासनावर उलटं ठेवलं. जासवंतीनं त्यात बूड टेकलं, पिसं फुलवली, डोळे मिटले. झालं! ना दाणा, ना पाणी.

बदाम आणले. केशरी भात आणला. तिनं चोच उघडली ती फक्त राजवैद्याचं बोट फोडायला.

आचारी भीत भीत म्हणाला, "महाराज, कोंबडी खुडूक झालीय. अंडी उबवायला बसलीय. गार पाण्यात एकदा बुडवा, खूळ उतरेल."

"माझ्या जासवंतीला बुडवता? यालाच बुडवा!"

आचाऱ्याला हौदात बुचकळून काढला. त्यानंतर दरबारात कोणाला 'खुडूक' हा शब्द आठवेना.

राजानं फर्मान काढलं. "जासवंती जेवेपर्यंत राजवाड्यात कोणी जेवायचं नाही. मीसुद्धा नाही! तिला हात लावायचा नाही. उठवायचं नाही, हुसकायचं नाही. तिनं आपखुशीनं उठून खाल्लं पाहिजे!"

स्वतः मात्र सिंहासनाच्या कडेला बोडकाच बसला. दुसरं पागोटं घालेना. तेच हवं!

दुसऱ्या दिवशी दरबारात माणसं कमी आणि पोटांचे आवाज जास्त. सेनापती कोंबडीपुढे कॉक् कॉक् करून थकले. दिवाणजी हातापायांवर रांगत जमिनीवरचे तांदूळ तोंडानं टिपू लागले.

"हे काय चाललंय?"

"तिला शिकवतोय, महाराज!"

"शिकवताय? गिळताय तुम्ही! थुंका!"

दिवाणजी थुंकले. रडकुंडीला आले.

राजाला राग काढायला माणूस हवा होता. "ही कोंबडी मला नजराणा म्हणून कोणी दिली?"

"माळवाडीच्या येसबानं."

"रोगट कोंबडी देतो मला? टाका कोठडीत!"

शिपायांनी येसबाला असा ओढत आणला की त्याचा पटका वाटेत चिखलात पडला तो पडलाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी येसबाची मुलगी धुरपी दरबारात आली. डोक्यावर झाकलेली टोपली.

"टोपलीत काय?" राजानं विचारलं.

"औषध."

"आवाज करतंय!"

"जिवंत आहे, महाराज. मेलेलं औषध तुमच्या वैद्यांनी देऊन पाहिलंच की!"

वैद्यानं बांधलेलं बोट पाठीमागे लपवलं.

"जेवली तर माझ्या बापाला सोडाल?"

"जेवली तर मागशील ते देईन. नाही जेवली तर बाप कोठडीतच म्हातारा होईल. पण हात लावायचा नाही!"

"नाही लावणार."

"उठवायचं नाही!"

"जागेवरून हलणार नाही मी. मूठभर कण्या तेवढ्या द्या."

धुरपी सिंहासनापासून दूर, खांबाशी बसली. कण्या फेकल्या. टोपलीवरचं फडकं काढलं आणि टोपली कलंडवली.

चिव चिव चिव! कालच अंड्यातून निघालेली पिवळी पिल्लं गालिचाभर पसरली. एक सेनापतींच्या पायातून निसटलेल्या जोड्यात पडलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलं.

जासवंतीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मान लांब केली. "कुट्?"

आणि भर्रकन उडाली! अजून रांगतच असलेल्या दिवाणजींच्या पाठीवर उतरली, तिथून सेनापतींच्या पायावर. जोडा उलटा केला. पिल्लू पंखाखाली घेतलं. कुट् कुट् कुट्! उंची गालिचा टराटरा उकरला. एक कणी चोचीत धरली, पिल्लांपुढे टाकली. दुसरी टाकली. तिसरी मात्र स्वतः गिळली. मग कण्यांवर अशी तुटून पडली की पुढ्यातले बदामही संपवले!

"जेवली!" दिवाणजी ओरडले आणि मुदपाकखान्याकडे धावले. सेनापती एकाच जोड्यानिशी मागोमाग.

"थांब!" राजा धुरपीवर गरजला. "उठवायचं नाही म्हणालो होतो!"

"मी कुठं उठवलं? पोरं रडली, आई उठली. पोरांना तुमचं फर्मान ठाऊक नव्हतं."

"पण मग ती दोन दिवस कशासाठी बसली होती?"

"आपल्या पोरांची वाट बघत होती, महाराज."

"आणि तिची पोरं कुठं गेली?"

धुरपीनं राजाच्या पोटाकडे बघितलं. "न्याहारीला."

राजानं पोटावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"तुझ्या बापाला सोडला," तो शेवटी म्हणाला. "बस, तूही चार घास खा."

"आधी त्याला आणा. तुमच्याकडं कोंबडी पिल्लांवाचून जेवत नव्हती. आमच्याकडं पिल्लू बापावाचून जेवलेलं नाही."

येसबाला आणला. पण तो उंबऱ्यातच अडला. "बोडक्यानं गावात कसा जाऊ? लोक विचारतील, घरात कोण गेलं?"

राजानं नकळत स्वतःचं डोकं चाचपलं. "नवा पटका द्या याला!"

"नवा नको, महाराज," धुरपी म्हणाली. "मागशील ते देईन म्हणालात ना? सिंहासनावरचं ते पागोटं द्या."

"माझं? मोत्यांचं?"

"आत एकदा बघून घ्या. मग ठेवावंसं वाटलं तर ठेवा."

राजानं आत डोकावलं. जासवंती दोन दिवस नुसती बसलेली नव्हती! राजानं नाक धरलं.

"धुऊन घेऊ आम्ही," धुरपी म्हणाली. "तुम्ही नवं घाला. पण उकडलं तरी काढू नका. आता तिला लेकरं झालीत, महाराज. एका पागोट्यात भागायचं नाही!"

राजा असा हसला, असा हसला की सिंहासनावरून घसरला आणि जासवंती त्यालाच चोच मारायला धावली. हसत हसतच त्यानं पागोटं मोत्यांसकट येसबाला दिलं.

येसबानं ते हौदावर धुतलं आणि ओलंच घालून लेकीबरोबर घरी गेला.